दारात आलेलं शेत

नांगरटीचा महिना, पहिला बाजारवार
पाणचक्कीवरून

धाकट्या,

आशीर्वाद. पत्र वाचून होईपर्यंत ते तुझ्याकडे ठेव, मग तुझी लायकी बघून निम्मे परत घेईन.

तुझं काही हरवलंय का? नीट आठवून बघ. विळा, कुदळ, अक्कल असलं रोजचं नाही. जरा मोठं. काळं, भुसभुशीत, एका कोपऱ्यात बसका दगड असलेलं आणि मधोमध बुजगावणं उभं असलेलं.

आज सकाळी कोंबड्या सोडायला दार उघडलं, पाय बाहेर टाकला, तो घोट्यापर्यंत मातीत गेला. अंगण गायब. चक्कीच्या पायरीपासून थेट रस्त्यापर्यंत आपलं शेत पसरलेलं. जागा पुरेना म्हणून त्याने एक बाजू खुराड्यावर चढवली होती. मी पाय आत घेतला, दार लावलं, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा उघडलं. शेत होतं तिथंच. तुझे दाजी मागून आले, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या माहेरचं दिसतंय." एवढं बोलून चक्की सुरू करायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला दचकलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

शेतं रुसतात हे मला ठाऊक आहे. आपल्या राज्यात दरवर्षी कुणाचं ना कुणाचं शेत उठून जातंच. तुझ्या शेजारच्या तेलिणीने ओळीने इतकी वर्षं कांदेच लावले, तर तिचं शेत कंटाळून तळ्यापलीकडे जाऊन बसलं होतं. पण रुसलेलं शेत जातं ते शेजारच्या माळापर्यंत. डोंगर चढून, खिंड ओलांडून बहिणीच्या दारात येऊन बसलेलं शेत मी ऐकलंही नव्हतं. तू त्याला असं केलंस तरी काय?

मला त्याचा लोभ आहे असं मनात आणू नकोस. माझ्या वाट्याला आपल्या घरातून एक पितळी तांब्या आला आहे आणि तो गळतो, तेवढं मला पुरे. शिवाय माझ्या हाकेला ते उठायचंही नाही. आबांनी मला नांगराची मूठ कधी धरू दिली? पण पेरणीचा नगारा याच महिन्याच्या शेवटी आहे. पाहणीदार येईल, आणि ज्याच्या हाकेला शेत उठेल त्याच्या नावावर लावील. कुणाच्याच हाकेला उठलं नाही तर राजाच्या रानात. तिथून परत आलेलं एकही शेत मी पाहिलेलं नाही. तेव्हा आळस सोड आणि ये.

आणखी एक. बुजगावणं उघडंच आहे. दोन काठ्या आणि वर मडकं. आबांचा कोट कुठे आहे? तो कायमचा त्याच्या अंगावर घालणार म्हणाला होतास ना?

तुझी,
ताई


नांगरटीचा महिना, दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी
घरून

ती. ताई,

नमस्कार. वाकताना कंबरेत उसण भरली, त्यामुळे तोही निम्माच समज.

शेत गेल्याचं मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. तेलीण येऊन सांगून गेली. कांदेवालीने मला शेतीचं शहाणपण शिकवावं ही वेळ आली, आणि ती तुझ्यामुळे.

हो, तुझ्यामुळेच. चक्कीत कोंडा ढिगाने पडतो, आणि कोंड्याच्या वासावर कुठलंही शेत चळतं. तू मुद्दाम टाकला असशील असं मी म्हणत नाही. पण लहानपणी घरात आणलेलं प्रत्येक मांजर शेवटी तुझ्याच पांघरुणात सापडायचं, आणि तेव्हाही तू "मी काही केलं नाही" असंच म्हणायचीस.

मी शेताचं सगळं वेळच्या वेळी करतो. आणि रीतीप्रमाणे त्याला सांगायचं तेही मी सांगितलं आहे, तेव्हा त्या बाबतीत शंका घेऊ नकोस.

कोट धुवायला टाकलाय.

कोंडा उचल, खुराड्याचं दार लाव आणि शेताला रस्ता दाखव. येईल आपोआप. दाजींना नमस्कार. त्यांना पूर्ण नमस्कार सांग, ते माणूस चांगले आहेत.

तुझा,
धाकटा


नांगरटीचा महिना, दुसऱ्या बाजारानंतर
पाणचक्कीवरून

धाकट्या,

कोंडा उचलला. अंगणच नाही तर झाडू कुठे, म्हणून खिडकीतून सूप लांबवून लांबवून उचलला. शेताने ढुंकून पाहिलं नाही. आता माफी मागणार असशील तर कागद वाया घालवू नकोस, आल्यावर माग.

इकडची गंमत ऐक. गिऱ्हाइकांना चक्कीत यायला वाटच राहिलेली नाही. गोण्या डोक्यावर घेऊन लोक खुराड्याच्या मागून, भिंतीला पाठ घासत येतात. कुणी शेतात पाय टाकला की ते अंग आक्रसून घेतं, आणि माणूस गोणीसकट बसतो. कुंभाराची सासू अशी बसली, आणि उठून मला म्हणाली, "तुझ्या माहेरच्यांना वळण कसलं ते नाहीच." मी म्हटलं, अहो, हे तर आमच्यातलं शहाणं. धाकटं अजून घरी आहे.

पण हे रुसलेलं शेत नाही रे. रुसलेलं शेत मी पाहिलंय. ढेकळं वर काढून, पाठ फिरवून बसतं. हे तसं बसलेलं नाही. याने तोंड रस्त्याकडे केलंय. परवा एक म्हातारबाबा दळण घेऊन आले. त्यांच्या हातात काठी होती. काठीचा टक टक आवाज रस्त्यावर आला मात्र, शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं राहिलं. कुत्रं धन्याची चाहूल लागली की उठतं ना, तसं. रस्त्यापर्यंत धावलं, म्हाताऱ्याच्या पायांपाशी गेलं, आणि मग हळूहळू खाली बसलं. म्हातारबाबा घाबरले. मीही घाबरले, पण वेगळ्या कारणाने.

आबा दर बाजारवारी काठी टेकत माझ्याकडे यायचे. शेतातून थेट यायचे आणि संध्याकाळी थेट शेतात जायचे. कोट एरवी दिवसभर बुजगावण्याच्या अंगावर, घरी जाताना आबांच्या. आपल्याला सगळ्यांना अरे-तुरे आणि शेताला मात्र "चला, उठा आता", "काय, बरं आहे ना". आई म्हणायची, मला एकदा तरी "अहो" म्हणा. आठवतं?

आता मला सांग. तू लिहितोस, "त्याला सांगायचं ते मी सांगितलं आहे, शंका घेऊ नकोस." मी तर काहीच विचारलं नव्हतं. डब्यातला लाडू खाऊन "मी नाही हं खाल्ला" म्हणत स्वयंपाकघरातून बाहेर येणारा तू मला चांगला ठाऊक आहेस.

आजी गेली तेव्हा आबा चौथ्या दिवशी अनवाणी शेतात गेले, मधोमध बसले आणि "आई गेली" एवढंच म्हणाले. आपण दोघं बांधावरून बघत होतो. आडवळणाचं बोललेलं शेताला कळत नाही, जो नांगरणार त्यानेच सांगावं लागतं, सरळ शब्दांत. तू सांगितलंस ना? सरळ शब्दांत?

तुझी,
ताई


नांगरटीचा महिना, तिसऱ्या बाजाराच्या आधी
घरून

ती. ताई,

लाडवांचा विषय संपलेला आहे असं मला वाटलं होतं.

मी सांगितलं. एक प्रकारे सांगितलं. सगळं काही तुझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवं असा हट्ट धरू नकोस.

मी वळव्याला पाठवतोय. गेलेली शेतं वळवून आणणं हाच त्याचा धंदा आहे. राजाच्या मावशीचं शेत रुसून नदीत उतरलं होतं, ते त्याने परत काठावर आणलं, असं तो स्वतः सांगतो. डफ वाजवतो, शीळ घालतो, गोड बोलतो. त्याला दुपारचं जेवण दे, आणि कृपा करून त्याच्याशी माझ्याबद्दल बोलू नकोस.

इकडे शेताच्या जागी नुसता खड्डा आहे म्हणतात. पाखरं त्याच्याभोवती घिरट्या घालतात म्हणे. नगाऱ्याची दवंडी पिटून झाली. पाहणीदार यंदा नवा आहे, आणि जुन्यासारखा झोपाळू नाही. तेलिणीने विचारलं, यंदा तुझं कसं? मी म्हटलं, शेत बहिणीकडे पाहुणं गेलंय. ती हसली नाही. ती हसली नाही तेव्हा मला भीती वाटली. ताई, शेत राजाच्या रानात गेलं तर मी इथे काय करायचं? मला दुसरं काही येत नाही. हेही धड येतं असं तू म्हणणार नाहीस, पण तरी.

तुझा,
धाकटा


नांगरटीचा महिना, तिसऱ्या बाजारवारी
पाणचक्कीवरून

धाकट्या,

तुझा वळव्या आला, जेवला, पुन्हा जेवला आणि मग कामाला लागला. डफ वाजवला. शेत हललं नाही, पण कोंबड्यांनी अंडी द्यायचं थांबवलं. शीळ घातली, तर तीन घरांतली कुत्री आली. मग गोड बोलायला लागला. "माझ्या राजा, माझ्या सोन्या" वगैरे. तुझे दाजी चक्कीतून डोकावून मला म्हणाले, "मी कधी असं बोललो नाही ना तुझ्याशी?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरं झालं." आणि आत गेले.

शेवटी वळव्याने डफ खाली ठेवला, जमिनीला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तो निराळाच माणूस. म्हणाला, "बाई, हे रुसलेलं नाही. वाट बघतंय. वाट बघणारं शेत वळवता येत नाही. ज्याची वाट बघतंय त्याला आणा." त्याने बिदागीही घेतली नाही. फक्त तिसऱ्यांदा जेवला.

जाताना सहज म्हणाला, "तुमचे भाऊ थकलेले दिसतात. ऊन असूनही दारात जाडजूड कोट घालून बसले होते." तुझं धुणं असं असतं का रे? अंगावर घालून?

शिवाय "खड्डा आहे म्हणतात", "घिरट्या घालतात म्हणे". म्हणजे तू अजून जाऊन बघितलेलंही नाहीस. शेत गेल्यावरही नाही, आणि मला वाटतं ते तिथे असतानाही नाही. कापणीनंतर आबा गेले, चौथ्या दिवशी तू जाऊन आलास, त्यानंतर तू शेतात पाऊल टाकलेलं नाहीस. बरोबर?

रागावणार होते. मोठं झणझणीत पत्र मनात तयार होतं. मग म्हटलं, याला जमलं नसेल तर मीच सांगते. नांगरणाऱ्यानेच सांगावं लागतं खरं, पण लेकीचंही ऐकेल कदाचित. कोपऱ्यातल्या आबांच्या दगडावर जाऊन बसले. तो दगड आता माझ्या पायरीला अगदी लागून आहे. म्हटलं, "आबा." शेत इतकं शांत झालं की कोंबड्यासुद्धा उकरायच्या थांबल्या. सगळं शेत माझ्याकडे बघतंय असं वाटलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आबांना जरा उशीर होईल."

म्हणजे आता आपण दोघंही एकाच माळेचे मणी. हसू नकोस. मी त्यानंतर घरात येऊन रडले, आणि रडता रडता दूध उतू गेलं.

वळव्याने काय सांगितलं ते कळलं ना? ये आता.

ताई


नांगरटीचा महिना, त्याच आठवड्यात
घरून

ती. ताई,

बरोबर.

चौथ्या दिवशी मी गेलो होतो. अनवाणी. मधोमध बसलो. मग म्हटलं, "यंदा थंडी जरा जास्त आहे." मग म्हटलं, "कापणी चांगली झाली." मग बुजगावण्याच्या अंगावरचा कोट काढून घेतला आणि घरी आलो. तू दारात उभी होतीस, तू विचारलंस "झालं?" आणि मी म्हटलं, "सांगितलं." थंडीचं सांगितलं होतं, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

दूध उतू गेलं ते वाचून मला बरं वाटलं. वाईट अर्थाने नाही. एकट्याचंच उतू जात नाही, एवढंच.

पण मी एक शक्कल काढली आहे. वळव्यालाही सुचली नसती. त्याने "ज्याची वाट बघतंय त्याला आणा" म्हटलंय ना? मग आणू. मी आबांचा कोट घालतो. अंगाला बरोबर बसतो, मी बघितलंय. खुंटीवरची काठी घेतो. नगाऱ्याच्या आदल्या दिवशी खिंडीतून टक टक करत उतरतो, "चला, उठा आता" म्हणतो आणि मागे न बघता घराकडे वळतो. शेत मागोमाग येईल. सकाळी पाहणीदार येतो, शेत जागेवर, काम फत्ते. कुणाला काही सांगायलाच नको. आहे की नाही?

आबांसारखं खाकरायचा सराव करतोय. तेलीण भिंतीपलीकडून ऐकून घाबरली.

तुझा,
धाकटा


नांगरटीचा महिना, शेवटच्या बाजाराच्या आधी
पाणचक्कीवरून

धाकट्या,

डोकं चालतं तुझं, हे पहिल्यांदाच कबूल करते. आणि चाललं ते नेमकं आडरानात.

समज, आलास. कोट, काठी, खाकरणं, सगळं जमलं. शेत बिचारं आनंदाने उड्या मारत तुझ्या मागे घरी आलं. पुढे? सकाळी पाहणीदार विचारेल, "हाक मारणारा कोण?" तेव्हा काय सांगशील, मी माझा बाप आहे? बरं, त्यालाही फसवलंस. मग परवा, तेरवा, पुढच्या नांगरटीला? जन्मभर खाकरत बसणार आहेस? आणि ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी ते डोंगर नाही, राज्य ओलांडून जाईल.

आता मस्करी बाजूला. एक गोष्ट मी तुला कधी बोलले नव्हते. निरोप आला तेव्हा त्यात "लवकर ये" एवढंच होतं. मी आले तोवर सगळं उरकलं होतं. अंगण झाडलेलं, लोक गेलेले. तू दारात उभा होतास, आणि मला म्हणालास, "जेवलीस का?" मी म्हटलं, "हो." मी जेवले नव्हते. मग आपण दोघांनी गोठ्याचं छप्पर, दाजींची पाठ, तांब्याची गळती, सगळ्यावर बोलून घेतलं. ते एक वाक्य तू मला आजवर म्हटलेलं नाहीस, आणि मीही तुला म्हणू दिलं नाही. माझ्या रस्त्यावर काठी वाजली की शेताआधी मी खिडकीशी जाते, धाकट्या. शेताला निदान लाज तरी वाटते, परत खाली बसतं.

ये. कोट घालायचा तर घाल, वाटेत खिंडीत गार वारा असतो. पण इथे आल्यावर काय करायचं ते तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही. खिडकीतून बघणार मात्र आहे. ते तुला चुकवता येणार नाही.

तुझी,
ताई


नगाऱ्याच्या दिवशी, दुपारी
पाणचक्कीवरून

धाकट्या,

जेवला नाहीस. इतक्या लांबून आलास, पाणीसुद्धा न पिता गेलास, आणि मी ताट वाढून बसले होते. ते तुझ्या दाजींनी खाल्लं. पुढच्या वेळी हे चालणार नाही.

नगारा इकडे वाजून गेला. तिकडे काय झालं कळायला तुझं पत्र यावं लागेल, म्हणून तोवर मी काय पाहिलं ते लिहिते. तू त्यात उभा होतास, तुला ते दिसलं नसणार.

काल ऊन कलताना खिंडीकडून काठी वाजली. मला ठाऊक होतं की तू आहेस. पत्रात लिहिलं होतंस, मीच बोलावलं होतं, तरी माझा हात थांबला. वळणावर कोट दिसला, तो खांद्यातून जरा झुकलेला, आणि माझ्या तोंडून "आले" असं निघून गेलं. शेत तर केव्हाच उठलं होतं. ते जे धावलं! खुराडं उलटलं, कोंबड्या झाडावर गेल्या, बुजगावणं मडक्यासकट डुलत पुढे. मी म्हटलं, झालं. आता हा "चला" म्हणणार आणि वळणार, आणि मला त्याला थांबवताही येणार नाही.

तू काठी खाली ठेवलीस. मग कोट काढलास. मी तुझं तोंड बघितलं, आणि तू लहानपणी आडाच्या कठड्यावर अडकला होतास तेव्हाचं तोंड मला आठवलं. तू काहीतरी बोलायला लागलास आणि मला चक्कीच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येईना. खिडकीत मी नुसती तडफडतेय. तेवढ्यात घरघर थांबली. तुझ्या दाजींनी पाणी तोडलं होतं. अर्धं दळण घशात असताना! राजाचा दूत आला होता तेव्हाही यांनी चक्की थांबवली नव्हती, त्याला ओरडून बोलायला लावलं होतं. आता ते दारात उभे राहिले, हातभर पीठ, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐक."

मी ऐकलं. "आबा गेले," म्हणालास तू. "कापणीनंतर गेले. मी जवळ होतो." मग म्हणालास, "चला, घरी. आता मीच आहे."

शेत मधोमध खचलं. माणूस मावेल एवढा खळगा पडला आणि तू त्यात उतरून बसलास. किती वेळ ते मी बघितलं नाही, कारण मी तोवर जमिनीवर बसले होते आणि तुझे दाजी माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. अजून माझे केस पांढरे आहेत. पीठ धुतलं तरी जात नाही.

उठून बघते तर तू वाटेला लागला होतास आणि शेत मागे. उड्या नाहीत, काही नाही. सावकाश, तुझ्या पावलांवर. शेताच्या चालीने उजाडेपर्यंत पोहोचायचं म्हणून तू थांबला नाहीस हे मला कळतं. तरी ताटाचं मी विसरणार नाही.

पाहणीदार आला? उठलं का ते? लगेच लिही. शाई नसेल तर तेलिणीकडून काजळ मागून आण.

तुझी,
ताई


पेरणीचा महिना, पहिला बाजारवार
घरून

ती. ताई,

पूर्ण नमस्कार. कंबर बरी आहे.

उठलं.

पाहणीदाराने विचारलं, "हाक मारणारा कोण?" मी म्हटलं, "मी, यांच्या घरचा धाकटा." 'यांच्या' म्हणताना शेताकडे हात केला. तो म्हणाला, "मार." मी हाक मारली, आणि ऐन वेळी आवाज असा फाटला की तेलीण पदराआड हसली. पण शेत उठलं. एकदम नाही. आधी कडेकडेने, मग मधलं, आळस देत देत. मी त्याला काही लाडाचा वाटत नाही, हे स्पष्ट दिसलं. पण उठलं, आणि पाहणीदाराने पाटीवर माझी खूण काढली. मी घरात येऊन दोन तास झोपलो आणि मग पेरायला गेलो.

कोट बुजगावण्याला घातला आहे. संध्याकाळी निघताना हात सवयीने त्याच्याकडे गेला, मग मागे घेतला. राहू दे तिथंच. थंडी वाजली तर माझी घोंगडी आहे.

मी त्याला आता "चला, उठा" म्हणतो. "ए" म्हणून बघितलं, तर ढेकूळ पायावर आलं.

एक मात्र सांगायचं राहिलं. पाहणीदाराच्या लक्षात आलं नाही, नवा आहे म्हणून. पेरताना माझ्या लक्षात आलं. शेत पुरतं आलेलं नाही. विहिरीकडचा कोपरा नाही. आबा दुपारी बसायचे तो, दगडासकट. बांध तिथे असा गोल वळलाय की जसा काही कोपरा कधी नव्हताच. खिंडीत सांडला असेल म्हणून मी दोनदा जाऊन शोधून आलो. तुझ्याकडे काही राहिलंय का, बघशील?

तुझा,
धाकटा


पेरणीचा महिना, दुसऱ्या दिवशी लगेच
पाणचक्कीवरून

धाकट्या,

खिंडीत शोधू नकोस, लोक हसतील. कोपरा इथे आहे.

तू गेलास त्या दिवशीच मला दिसला होता. अंगण परत आलं, खुराडं सरळ केलं, आणि बघते तर पायरीला लागून हातभर काळी माती आणि तो दगड. मला वाटलं दमून मागे राहिलाय, येईल तुझ्याकडे निवांत. तुला कळवायचं राहून गेलं. म्हणजे, राहू दिलं. मांजरांचं तू लिहिलं होतंस ते अगदीच खोटं नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा म्हटलं, परत पाठवायला हवा. दारात गेले. चुलीवरून उठून तशीच गेले होते, हाताला राख. नगारा नव्हता, पाहणीदार नव्हता, तुझे दाजीसुद्धा चक्कीत होते. मी म्हटलं, "चला, उठा आता." तुझ्याकडे धाडायलाच म्हटलं होतं, शपथ घेऊन सांगते. काही हललं नाही. मग तुझं ते आठवलं, आणि कोण हाक मारतंय ते सांगितलं. म्हटलं, "मी आहे. थोरली."

धाकट्या, ते उठलं. माझ्या हाकेला. दगड अंगावर घेऊन उठलं, पायरीला आणखी जरा चिकटलं आणि परत बसलं.

तेव्हा आता मागू नकोस, मिळायचं नाही. मी त्यात मेथी पेरली आहे. येशील तेव्हा दगडावर बस, जेवण तिथेच वाढीन. पण आधी पाय पूस. माझं शेत आहे.

तुझी,
ताई